नकाशांचा घरजावई

सर्व्हर वेगळा लागेल असं राजवर्धननं सांगितलं, तेव्हा अंजना चहा पीत होती. तिनं चहा संपवला, कप टेबलाच्या कडेला सरकवला आणि म्हणाली, "न्हाई लागणार."

"मॅडम, नकाशांचा कॅटलॉग म्हटलं की त्याचा सर्व्हर वेगळाच उभा करावा लागतो," राजवर्धन म्हणाला. पोरगा मूळचा तासगावचा, पण शिकला पुण्यात, नोकरीही पुण्याच्या कंपनीत, त्यामुळं बोलताना त्याचं तासगाव अधूनमधूनच डोकं वर काढायचं. "तुमचं ॲप ते ॲप, कॅटलॉग तो कॅटलॉग. तुम्ही नकाशांच्या सगळ्या नोंदी आमच्याकडं कॉपी करून द्या. आम्ही सांभाळतो."

"सांभाळायला त्या काय पोरक्या हायेत?" लालासाहेब म्हणाले.

लालासाहेब म्हणजे शिवार संघाचे अध्यक्ष. गाव कराडजवळचं. फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झाले ते एकटेच, मिशा अजून ड्युटीवर होत्या. संघात त्यांना सगळे नाना म्हणायचे.

आता हा शिवार संघ काय आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर एवढी रस्सीखेच कशासाठी ते कळायचं नाही. कृष्णेला पूर आला की टीव्हीवाले सांगलीच्या पुलावर छत्र्या धरून उभे राहतात आणि पाणी किती फूट झालं ते ओरडून सांगतात. पण पाणी काही पुलावरून गावात येत नाही. ते ओढ्यानाल्यांतनं मागच्या दारानं शिरतं. कुठलं रान आधी बुडतं, कुठली वस्ती तुटते, कुठल्या वाटेनं म्हैस बाहेर काढता येते, हे कुठल्याच छापील नकाशात नव्हतं. बायांना मात्र पाठ होतं, कारण पाणी चढायला लागलं की गाडग्यामडक्यांसकट घर डोक्यावर घेऊन चालतात त्या बायाच. पुरुष पाणी बघायला जातात.

म्हणून बायांनीच नकाशे केले. फोनवर ॲप चालू करायचं, ओढ्याच्या नाहीतर रानाच्या कडेकडेनं चालायचं, फेरी पुरी झाली की बंद करायचं. घरी येऊन लिहायचं: नकाशा कशाचा, कवा केला, पाणी कुठवर आलं, आणि कुणी केला. साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यापासनं खाली सांगलीपर्यंत बायांचे गट झाले, आणि असे सव्वातीनशे नकाशे जमले. हा शिवार संघ. सांगलीत विश्रामबागेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर त्याचं ऑफिस, आणि खालून दाताचं मशीन किरकिरायला लागलं की वरच्या बैठकीत सगळ्यांचीच तोंडं आंबट व्हायची.

ॲप अंजनानं केलं होतं. कोरेगाव तालुक्यातली, वसना नदीच्या काठच्या बौद्धवस्तीतली पोरगी. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. इतिहास घेऊन बीए केलं, आणि पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकली ती फुकटच्या व्हिडिओंवर आणि स्वतःच्या चुकांवर. पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेली की पहिला प्रश्न यायचा, कॉलेज कुठलं. दुसरा यायचा, पूर्ण नाव काय. तिसरा प्रश्न तिला कुणी विचारलाच नाही. लालासाहेबांनी एकच विचारला होता, "असलं ॲप करशील का?" ती म्हणाली, "करीन." मुलाखत संपली.

आणि आता मुंबईच्या एका सरकारी कार्यालयानं राज्यातल्या सगळ्या नकाशांचा एकच शोध सुरू केला होता. कुणीही पडद्यावर चौकोन ओढावा आणि त्या चौकोनात येणारे नकाशे समोर यावेत, कुठल्याही खात्याचे असोत नाहीतर संस्थेचे. कल्पना चांगली होती. अट एकच: ज्याचे नकाशे, त्याच्याकडं कॅटलॉग पाहिजे. म्हणजे खुद्द नकाशे नव्हेत, नकाशांच्या नोंदी: नाव काय, कुठल्या भागाचा, कधीचा, कुणाचा. सरकारी यंत्रानं ठरलेल्या भाषेत विचारायचं आणि संस्थेच्या यंत्रानं ठरलेल्या भाषेत उत्तर द्यायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी आपल्या नोंदी राजवर्धनच्या कंपनीकडं सोपवायच्या.

सोपवल्या की काय होतं ते पाचगणीत दिसलं होतं. तिथं स्ट्रॉबेरी लावणाऱ्या बायांनी दोन वर्षं डोंगरातले झरे शोधून नकाशे केले, त्यांच्या नोंदी कंपनीकडं दिल्या. आता सरकारी शोधात ते झरे दिसतात, आणि 'निर्माता' या रकान्यात कंपनीचं नाव दिसतं. कुणी चोरी केली असंही नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये तो रकाना आधीच भरलेला येतो म्हणे. फॉर्मनं केलेल्या चोरीला कुठलं पोलीस ठाणं नसतं.

तर भांडण सर्व्हरचं नव्हतंच. शिवार संघाचे नकाशे शिवार संघाच्याच घरात राहणार का, आणि ज्या बायांनी ते पायानं केले त्यांची नावं त्यावर राहणार का, एवढाच प्रश्न होता.

राजवर्धन गेल्यावर लालासाहेब म्हणाले, "न्हाई लागणार म्हणालीस. आता मला फौजी डोक्यात शिरंल असं सांग."

"नाना, कॅटलॉगचं एक सॉफ्टवेअर हाय. फुकट हाय, कुणालाबी आत हात घालता येईल असं उघडं हाय, पायथनमध्येच लिहिलेलं हाय. लोक त्याला वेगळं घर बांधून देतात. वेगळा सर्व्हर, वेगळा डेटाबेस, मग आपल्या नोंदी तिकडं कॉपी करत बसा. आपल्याकडं नोंद बदलली की तिकडं पुन्हा कॉपी."

"बरं."

"पण त्याला वेगळं घर लागतच न्हाई. आपलं ॲपबी पायथनचंच. त्याला आपल्या ॲपच्या आतच बसवायचा. आपल्या ॲपला एक नवा पत्ता काढायचा. त्या पत्त्यावर सरकारचा प्रश्न आला की ॲपनं तो तसाच ह्याच्या हातात द्यायचा. ह्यानं आपल्याच टेबलात, म्हंजे नोंदींच्या तक्त्यात बघायचं, ठरलेल्या भाषेत उत्तर तयार करायचं आणि ॲपच्या हातात परत द्यायचं. नोंद एकच, आपल्याच घरात."

लालासाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला. "म्हंजे घरजावई करून घ्यायचा म्हण की."

"तसंच."

"कामाचा असला म्हंजे झालं. आमच्या भावकीत एक हाय, तो नुसताच जेवतो."

हा कामाचा निघाला. अंजनानं त्याला पंधरा दिवसांत घरात घेतला. पत्ता काढणं सोपं, सेटिंग लिहिणंही सोपं. वेळ गेला तो ओळख करून देण्यात. त्याला ठाऊक असलेली नावं सगळी इंग्रजी आणि तिच्या टेबलातले रकाने बायांच्या तोंडचे. तेव्हा एकेक जोडून द्यावं लागलं: तू ज्याला शीर्षक म्हणतोस ते आमच्यात 'कशाचा', तू ज्याला तारीख म्हणतोस ते 'कवा केला'. आणि त्याच्या 'निर्माता' या जागेला तिनं जोडला तो 'कुणी केला'. त्या रकान्यात बायांनी मन मानेल तसं लिहिलं होतं. 'मनुबाई आणि गटातल्या बाया.' 'राजेश्वरी आणि तिची सासू.' एका ठिकाणी 'आम्हीच' एवढंच. ते आम्हीच कोण ते फोन करून विचारावं लागलं.

नकाशा कुठल्या भागाचा, यासाठी मात्र त्याला चौकोन लागायचा. चालल्याची जी रेघ फोनमध्ये उमटते तिच्या चारी बाजूंनी बसणारा चौकोन. तो चौकोन तिच्या टेबलात पहिल्यापासून होता, ॲप आपोआप काढायचं. आजवर त्याचा उपयोग कुणी केला नव्हता, कारण बाया नकाशा शोधायच्या गावाच्या नावानं. आता पहिल्यांदाच त्याच्यावर काम पडणार होतं.

तिनं तपासून बघितलं. वसनेच्या काठावर चौकोन ओढला, आणि तिच्या वस्तीतले अकरा नकाशे टपाटपा समोर आले, ना एक जास्त ना एक कमी. पडद्यावर दोन विती पलीकडं चौकोन ओढला, एकही आला नाही. तिनं पुन्हा पुन्हा बघितलं. तिच्या आईनं आणि चुलतीनं चाललेली रेघ, आणि जगातल्या कुठल्याही यंत्राला कळेल अशा भाषेत तिची नोंद. त्या दिवशी ती बसस्टॉपपर्यंत चालत गेली, पण रस्ता तिच्या मालकीचा असल्यासारखी.

सरकारी तपासणीच्या दिवशी सकाळी ऑफिसात तिघं. अंजना लॅपटॉपसमोर, लालासाहेब मागं हाताची घडी घालून, आणि कोपऱ्यात राजवर्धन, कारण जमलं नाही तर नोंदी ताब्यात घ्यायला तोच होता. पडद्यावर मुंबईच्या त्या सरकारी कार्यालयातल्या मॅडम. बाई कामाची होती, उगाच हसत नव्हती आणि उगाच टोचतही नव्हती.

पहिल्यांदा यंत्रानं यंत्राला विचारलं, तू कोण, तुला काय काय येतं. उत्तर गेलं. सगळ्या नोंदी दे. सव्वातीनशे नोंदी गेल्या. लालासाहेबांनी राजवर्धनकडं बघितलं. राजवर्धननं मान डोलावली, मनापासून.

"आता जागेवरून शोधून बघते," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी कराडच्या बाजारपेठेवर छोटासा चौकोन ओढला.

तिथं संघाचा एकही नकाशा नव्हता. उत्तरात आला, 'सांगलीखालचा ओढा, पूर चढल्यावरचा'. त्याच्यामागं आणखी एक, दोन, पाच.

"सांगलीचा ओढा कराडात कसा?" मॅडमनी विचारलं.

अंजना पडद्याकडं वाकली. मॅडमनी मिरजेच्या माळावर चौकोन ओढला. तिथंही तोच ओढा कराडवरनं चालत आल्यासारखा हजर, आणि जोडीला भलत्याच गावांची चार रानं. खाली दाताचं मशीन सुरू झालं.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "पुरात कुणीतरी या शोधावर विश्वास ठेवून होडी पाठवणार आहे. चुकीचा ओढा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणं बरं. शोधात घ्यायच्या संस्थांची यादी आज बंद होतेय. मी जेवणानंतर पुन्हा बसते. तोवर नीट झालं तर ठीक, नाहीतर राजवर्धन यांच्याकडं नोंदी द्या."

पडदा काळा झाला. लालासाहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते शिव्या देतील असं अंजनाला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिचा राग आधी मॅडमवर गेला, मग त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर, आणि मग जिथं जायला पाहिजे होता तिथं, म्हणजे स्वतःवर. तपासलं होतं की. अकराच्या अकरा बरोबर आले होते की.

"एक सांगू का?" कोपऱ्यातनं राजवर्धन म्हणाला.

"सांगा. तुमाला तर आजच गाडी भरून न्यायचीय."

"मला न्यायचंच असतं तर गप बसलो असतो." त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि लॅपटॉपवर बोट ठेवलं. "हे कोरेगावचे अकरा सोडले तर जवळजवळ सगळेच चौकोन मोठे आहेत. काही थोडे, काही लय. तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष असता तर हे अकराही बिघडले असते. मग ह्या अकरात वेगळं काय?"

वेगळं काय, ते तिला पुढच्या क्षणी कळायला हवं होतं. पण स्वतःच्या घरात जे नसतं ते दुसऱ्याच्या घरात असेल, हे कुणाच्याच चटकन ध्यानात येत नाही. ती म्हणाली, "त्यात वेगळं काय न्हाई. ते आमच्या वस्तीचे हायेत."

मग तिनं त्या सांगलीखालच्या ओढ्याची रेघ उघडली. ओढा होता. चारी बाजूंनी व्यवस्थित फेरी होती. पण त्या फेरीला एक शेपूट होतं. आणि ते शेपूट ओढ्यापासनं निघून, हमरस्त्यानं, इस्लामपूर मागं टाकून, कराड ओलांडून पार पालीला जाऊन टेकलं होतं. खंडोबाच्या दारात.

तिनं मनुबाईला फोन लावला. मनुबाई सांगलीखालच्या गटाची म्होरकी, पन्नाशीची, बोलायला लागली की समोरच्याला फक्त हुंकार शिल्लक ठेवणारी.

"मनुआक्का, ओढ्याचा नकाशा केला तवा फोन कुठं चालू केलासा?"

"पालीला."

"पालीला का?"

"आता का म्हंजे? देव न्हवं का आमचा. ऐतवार हुता, गटातल्या समद्या टेंपोनं गेलो, भंडारा उधळला, नारळ फोडला, फोन चालू केला आन् आलो की ओढ्यावर."

"ओढ्यावर आल्यावर चालू करायचा हुता, आक्का."

"तवा करून काय उपेग? नारळ फोडला म्हंजे काम सुरू झालं. काम सुरू झालं आन् फोन बंद, असं कसं चालंल?"

अंजनानं भराभर दुसऱ्या रेघा उघडल्या. प्रत्येक फेरीला शेपूट. एक मारुतीच्या देवळापासनं निघालेलं, एक जोतिबाच्या, एक बिरोबाच्या, एक गावदेवीच्या. कुठं अर्ध्या मैलाचं, कुठं दोन गावं ओलांडून. ॲपनं मुकाट्यानं शेपटासकट चौकोन काढले होते, आणि चौकोनात अख्खं गाव, कधी अख्खा तालुका येऊन बसला होता.

"समद्याच गटांत असंच करत्यात व्हय?" तिनं विचारलं.

"मग? नारळ फोडल्याबिगार शिवाराला पाय कोण लावंल?" मग मनुबाईलाच काहीतरी उमगलं असावं. आवाज जरा खाली आला. "तुमच्यात न्हाई फोडत व्हय गं?"

"न्हाई."

"मग सुरुवात कशी करता?"

"जयभीम म्हणतो आन् चालायला लागतो."

"आगं बया. मग तुमी आमच्या आधी घरी पोचत असाल."

अंजनाला हसू आलं, आणि हसतानाच आपली चूक तिला लखलखीत दिसली. तिनं कॅटलॉग तपासला होता स्वतःच्या वस्तीच्या नकाशांवर. पूर्ण संघात नारळ न फोडता निघणारी तेवढीच एक वस्ती. गावानं शंभर वर्षं देवळाच्या पायरीला उभं राहू दिलं नाही, मग माणसांनीच त्या पायरीकडं पाठ फिरवली, आणि त्यामुळं त्यांच्या रेघेला देवळाचं शेपूट नव्हतं. असली चूक पुण्यात शिकवत नाहीत, मुंबईत घडत नाही. ती इथंच घडायची, आणि तिच्याच हातून घडायची.

लालासाहेब खिडकीपासनं माघारी आले. सगळं ऐकून म्हणाले, "सोपं हाय. शेपटं उडव. आन् बायांना हुकूम काढू, नारळ आधी, फोन मागनं."

फोन चालूच होता. तिकडनं मनुबाईचा आवाज आला, "सुबेदार, हुकूम तुमच्या पलटणीत काढा. रेघ आमी चाललोय, ती आमची हाय. नारळ पुसायचा न्हाई."

"आवं मनुबाई, तुमचा देव पुसतोय का कुणी?"

"देवाला पुसून तो पुसला जात न्हाई. पर मी पालीपासनं आले हे खरं हाय का न्हाई? खरं हाय ते राहू द्या."

अंजनाला ते पटलं. तिचा देवाशी संबंध नव्हता, पण केलेल्या कामाशी होता. ती म्हणाली, "आक्का, रेघ तशीच राहील. पालीपासनं. फक्त चौकोन ओढ्याचा काढते."

"ते तुझं तू बघ. चौकोन मला काय करायचाय."

फोन ठेवून तिनं ॲपसाठी नवा नियम लिहायला घेतला. फेरी जिथं संपली तिथं उभं राहायचं आणि मागं वळून विचारायचं, मी या जागेवर पहिल्यांदा कधी आलो होतो? जिथं आलो होतो तिथनं पुढची फेरी, त्याच्या आधीचं शेपूट. चौकोन फक्त फेरीचा. फोन काही पुन्हा नेमक्या त्याच ठिपक्यावर येत नाही, म्हणून तिनं एका बांधाएवढी मोकळीक दिली. रेघेला हात लावला नाही.

"सगळ्या नोंदींवर चालवण्याआधी एकावर चालवून बघा," मागनं राजवर्धन म्हणाला.

"कुणाच्या?"

"तुमच्या सोडून कुणाच्याबी."

बोलण्यात टोमणा होता आणि तासगावही होतं. तिनं राजेश्वरीच्या आणि तिच्या सासूच्या रानावर चालवलं. शेपूट सुटलं, चौकोन आखडून बरोबर रानाला बसला. मग मनुबाईच्या ओढ्यावर. कराड सुटलं, इस्लामपूर सुटलं, ओढा तेवढा राहिला. मग सगळ्यांवर. काही बायांनी माघारी घरी जातानाही फोन बंद केला नव्हता, त्यांना शेपूट दोन्हीकडनं होतं आणि यंत्राला ते कळेना. ते नकाशे थोडेच होते. तिनं एकेकीला फोन लावला, फेरी कुठनं कुठवर ते विचारलं आणि चौकोन हातानं बसवले. लालासाहेबांनी दुसऱ्या फोनवरनं नंबर लावून द्यायचं काम घेतलं. प्रत्येकीला ते आधी कडक आवाजात "सुभेदार बोलतोय" म्हणायचे आणि तिकडची बाई घाबरून विचारायची, काय झालं, कोण गेलं.

"आता कॅटलॉगमध्ये पुन्हा भरायला किती वेळ?" राजवर्धननं घड्याळाकडं बघत विचारलं.

"कशात भरायचं?"

"कॅटलॉगमध्ये. तुमच्या टेबलात दुरुस्ती झाली, आता तिकडं—" आणि तो मध्येच थांबला.

"तिकडं काय न्हाईच," अंजना म्हणाली. "टेबल एकच हाय. इथं बदललं की झालं."

राजवर्धन खुर्चीत मागं रेलला. "आमच्याकडं असतं तर तुम्ही मेल करायचा, आम्ही तक्रारीचं तिकीट काढायचं, मग सगळ्या नोंदी पुन्हा मागवायच्या. यादी बंद झाली असती." त्यानं एवढं बोलून थांबायला हरकत नव्हती, पण गडी सरळ होता. "वेगळा सर्व्हर लागतोच असं मी म्हणालो होतो. चुकलो."

"मीबी चुकले की," ती म्हणाली. "फिट्टंफाट."

मॅडम जेवून आल्या. पुन्हा कराडच्या बाजारपेठेवर चौकोन ओढला. यंत्रानं विचारलं, यंत्रानं उत्तर दिलं: शून्य नोंदी. अंजनानं आयुष्यात बरीच शून्यं बघितली होती, गणिताच्या पेपरातली धरून. पण शून्य बघून तिचा ऊर भरून आला तो त्या दुपारीच. मिरजेच्या माळावर शून्य. मग मॅडमनी सांगलीखाली चौकोन ओढला, आणि एकटा ओढा समोर आला. आपल्या जागी, आपल्या मापाचा.

मॅडमनी आणखी पाच-सहा ठिकाणी ओढून बघितलं. कुठंच चुकलं नाही. मग त्यांनी नोंद उघडून वाचली.

"निर्माता: मनुबाई आणि गटातल्या बाया," त्या म्हणाल्या. "इथं संस्थेचं नाव टाकतात सहसा."

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते आता या एका वाक्याच्या टोकावर होतं.

"मॅडम," अंजना म्हणाली, आणि यावेळी तिनं भाषा मुद्दाम शहरी केली नाही, "निर्माता म्हंजे ज्यानं केलं तो. तुमच्याच नियमात तसं लिहिलंय, मी वाचलंय. संस्थेला प्रकाशकाची जागा हाय, तिथं शिवार संघ हायच. त्या बाया पाण्यातनं चालल्यात. संघ ह्या ऑफिसात बसला होता. आमी बसून होतो आणि त्या चालत होत्या, मग त्यांच्या जागेवर आमचं नाव कसं लावायचं? आणि दुसऱ्या कुणाचं तरी कसं लावायचं?"

शेवटचं वाक्य राजवर्धनसाठी होतं आणि त्याला ते कळलं. तो खाली बघून म्हणाला, "नियम तसाच आहे, मॅडम. आम्ही पाळत नाही एवढंच."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला. "असू दे मग," त्या म्हणाल्या. "तुमचा पत्ता यादीत घेतेय. नोंदी तुमच्याकडूनच उचलल्या जातील, आहेत तशा."

पडद्यावर सरकारी शोधाचं पान ताजं झालं. शिवार संघाच्या नोंदी एकेक करून त्यात यायला लागल्या. नकाशाचं नाव, आणि शेजारी करणाऱ्यांची नावं. अंजनाचे हात मांडीवर पडले होते. तिला आता कुठं कळलं की सकाळपासनं चहाखेरीज पोटात काही नाही. पण उठावंसं वाटेना.

लालासाहेब उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, पाय जुळवले आणि परेडच्या आवाजात पडद्यावरची नावं वाचायला लागले. वहिवाटीनं बायांची नावं हळू आवाजात घेतली जातात, हा माणूस ती मैदानावर घेतल्यासारखी घेत होता. खालचं दाताचं मशीन बंद पडलं. बहुतेक डॉक्टर ऐकत असावा.

अंजनानं मनुबाईला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"आक्का, झालं. नावासकट."

"माझं वाचलं का?"

"वाचलं. वरच हुतं."

"मग थांबवू नगंस त्येनला," मनुबाई म्हणाली. "बाकीच्या बायांची बी वाचू दे. मी हाय लाईनवर."